शीव, सायन आणि सीयोन

एका वाचकाचा प्रश्न: "झायोनिस्ट म्हणजे कडवा उजवा, असंच ना? मराठीत त्याला काय म्हणावं? आणि आपलं सायन स्टेशन त्याच 'झायन'वरून आलंय का?"

शेवटचं आधी घेतो, कारण ते ऐकून ऐकून कान किटलेत. नाही! जेझुइट पाद्र्यांनी तिथे चॅपेल बांधून त्याला जेरुसलेमच्या डोंगराचं नाव दिलं म्हणे. अहो, ते ठिकाण शीव. सीमा, सींव, शीव; ग्रामचं गाव आणि नामचं नाव झालं तसाच इथे 'म'चा 'व'. मुंबईकडची बेटं संपून साष्टी सुरू व्हायची ती हद्द. सतराव्या शतकात अलीकडे इंग्रज, पलीकडे पोर्तुगीज, म्हणून तर तिथे टेकडीवर किल्ला. शिवार आणि शिवेवरचा मारुती ज्याला ठाऊक आहे, त्याला जेझुइट कशाला लागतात? साहेबाने रोमन लिपीत लिहिताना बायबलातल्या डोंगराचं स्पेलिंग लावलं आणि आपण ते वाचून 'सायन' म्हणायला लागलो, एवढंच.

आता बायबलातला सीयोन. (मराठी बायबलात हेच रूप आहे, 'झायन' हा इंग्रजी उच्चार.) कोणी त्याची व्युत्पत्ती 'कोरडी जमीन' या अर्थाच्या शब्दाकडे नेतो, कोणी 'रक्षण करणे' या अरबी धातूकडे. नेवोत बापडे. मला मात्र 'त्सियून' हा हिब्रू शब्द सोडवत नाही. त्सियून म्हणजे खूण, वाटेवर उभा केलेला दगड. यिर्मयाच्या पुस्तकात परतणाऱ्या इस्राएलला 'वाटेवर खुणा उभ्या कर' असं सांगताना हाच शब्द येतो. स्वरचिन्हांशिवाय लिहिलं तर सीयोन आणि त्सियून अक्षरशः सारखे दिसतात. आजच्या इस्रायली पोरांच्या प्रगतिपुस्तकातले गुणही त्सियूनच! हद्दीचा दगड आणि वाटेचा दगड. शीव आणि सीयोन यांचं नातं नाही, हे मीच वर ठणकावून सांगितलंय. तरी जीव हरखतोच.

आणि ही खूण एका जागी राहिलीच नाही. दावीद राजाने घेतलेला जेरुसलेमातला सीयोनचा गड पूर्वेकडच्या डोंगरसोंडेवर होता. नाव मग मंदिराच्या टेकडीला लागलं. आज 'सीयोन डोंगर' म्हणून दाखवतात तो पश्चिमेला.

हां, उजव्याचं राहिलं. सीयोनवाद म्हणजे सीयोनच्या भूमीत यहुद्यांचं स्वतःचं राष्ट्र हवं, ही चळवळ; झायोनिस्ट म्हणजे ती मानणारा. हा शब्द १८९०च्या सुमारास नाथान बिर्नबाउमने रूढ केला. १८९७मध्ये बाझलला पहिली सीयोनवादी परिषद भरवणारा हेर्झल हा व्हिएन्नाचा उदारमतवादी पत्रकार. त्याच्याही आधी, १८६२मध्ये, यहुदी राष्ट्राची मागणी मांडणारा मोझेस हेस मार्क्सच्या वर्तुळातला समाजवादी. पुढे देगानियाचा किबुत्झ (सामूहिक शेतीची वसाहत), १९२०ची हिस्टाद्रुत ही कामगार संघटना, इस्रायलचा पहिला पंतप्रधान बेन-गुरियन याचा मापाय पक्ष, सगळा कारभार लाल झेंड्याच्या सावलीत. १९४७मध्ये संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या बाजूने मत दिलं ते स्टालिनच्या रशियाने. नेहरूंच्या भारताने विरोधात. तेव्हा कुणी 'झायोनिस्ट म्हणजे उजवा' म्हटलं असतं, तर लोक हसले असते. उजवे होते, १९२५पासून जाबोतिन्स्कीचा रिव्हिजनिस्ट पक्ष होता. पण सत्तेच्या शिवेबाहेर.

१९६७च्या युद्धात इस्रायलने जिंकलेली जमीन, तिथे वसाहती उभारू पाहणारे धार्मिक तरुण, अरब देशांतून आलेल्या यहुद्यांचा मजूर पक्षावरचा (मापायचाच पुढचा अवतार) राग, हे सगळं साचत गेलं आणि मे १९७७मध्ये जाबोतिन्स्कीचे वारस बेगिन निवडणूक जिंकले. टीव्हीवर निकाल सांगताना निवेदक हाइम याविनने शब्द वापरला: 'महपाख', उलथापालथ. क्रांतीला हिब्रूत 'महपेखा' म्हणतात. धातू तोच, उलटं करणे, आणि बायबलात सदोम नगराचा जो विध्वंस झाला त्यालाही याच धातूतला शब्द. डाव्यांनी मिरवलेल्या क्रांतीच्या सख्ख्या भावाने त्यांनाच पालथं घातलं.

शब्द रूढ करणारा बिर्नबाउमही थांबला नाही. तो चळवळ सोडून यिद्दिश या युरोपीय यहुद्यांच्या भाषेकडे गेला, मग कर्मठ झाला आणि सीयोनवादाला विरोध करणाऱ्या आगुदात इस्राएल या संघटनेचा सरचिटणीस होऊन बसला.

मराठीत 'सीयोनवाद' लिहा. 'यहुदीवाद' नको; तो धर्म झाला.