पेटीचा गंधार घासला, पुढे काय?

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे, जेईईचा क्लास लावलाय. दोन महिन्यांपूर्वी त्यानं माझ्या वडिलांची जुनी पेटी (हार्मोनियम) उघडली आणि आतली एक रीड, म्हणजे स्वर देणारी धातूची पट्टी, कानशीनं घासली. विचारलं तर म्हणे, "गंधार तानपुऱ्याशी भांडत होता." आता हॅरी पार्च नावाच्या कुणा अमेरिकन माणसाच्या नाटकाचे व्हिडिओ बघतो, गच्चीवर पाइप आणि बाटल्यांचं वाद्य करत बसतो आणि म्हणतो, मलाही नवी वाद्यं बनवून त्यांच्यावर नाटकं करायचीत. यात करिअर आहे का? त्याच्या बाबांनी तर त्याच्याशी बोलणंच सोडलंय.
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी पेटीचं बोलू. तुमच्या मुलाचा कान बरोबर आहे. पेटीचे बाराही स्वर सारख्या अंतरावर लावलेले, प्रत्येकात १०० सेंट (सेंट म्हणजे दोन स्वरांतलं अंतर मोजायचं माप). त्या हिशेबानं गंधार सापासून ४०० वर येतो. तानपुरा जुळला की त्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार मात्र ३८६ च्या आसपास असतो. हा १४ सेंटचा फरक बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. त्याच्या आला आणि त्यानं कानस उचलली. एक गोष्ट त्याला जरूर विचारा : रीड टोकाकडे घासलीस की मुळाशी? टोकाकडे घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. उत्तर 'मुळाशी' असेल, तर पोरगं विचार करून घासतंय.

आणि हे खूळ सांगलीला नवं नाही. तुमच्याच गावचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला २२ श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांच्या मागे लागले होते. क्लेमेंट्स नावाच्या न्यायाधीशांच्या साथीनं त्यांनी श्रुती-हार्मोनियमचा घाट घातला. सरकारी नोकरी पदरात पडल्यावर, हेही बाबांना सांगा.

आता पार्च. १९०१ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला जन्मलेला हा माणूस याच भांडणातून घडला. गंधार शुद्ध करून घेतला तरी पुढे अडचण येते : सा बदलला की तोच गंधार बेसूर. म्हणून त्यानं सप्तकात ४३ स्वर धरले. एवढे स्वर कोणत्या वाद्यात बसणार? त्यानं पायपेटीच्या जातीचा जुना ऑर्गन घेऊन नव्यानं जुळवला. त्यावर एक सप्तक वाजवायला नेहमीच्या साडेतीन सप्तकांच्या पट्ट्या लागतात. मग बर्कलीच्या प्रयोगशाळेतून टाकून दिलेल्या काचेच्या मोठ्या बरण्या कापून टांगल्या, तोफगोळ्यांच्या रिकाम्या नळकांड्या लावल्या, युकॅलिप्टसच्या लाकडावर भोपळे आणि घंटा बसवल्या. ही वाद्यं इतकी भव्य की तीच नेपथ्य झाली. 'डिल्यूजन ऑफ द फ्यूरी' हे त्याचं मोठं नाटक १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात झालं. पहिला अंक जपानी नो नाटकावरून, दुसरा आफ्रिकन लोककथेवरून. वाजवणाऱ्यानंच गायचं, हालायचं, अभिनय करायचा, ही त्याची अट. आपल्याकडे संगीत नाटकात नट गात होते, पण ऑर्गन-तबला खाली बसायचा. इथे ऑर्गनवालाच रंगमंचावर.

मुलानं व्हिडिओत हे सगळं पाहिलं असेल. जे पाहिलं नसेल ते मी सांगते. तिशीच्या आत-बाहेर पार्चनं चौदा वर्षांचं स्वतःचं संगीतलेखन शेगडीत घातलं. मंदीच्या काळात तो मालगाड्यांतून भटकला, मिळेल ते काम केलं, प्रूफं तपासली. मधूनमधून शिष्यवृत्त्या मिळाल्या : १९३४ मध्ये कार्नेगीची, १९४३ मध्ये गुगेनहाइमची. रेकॉर्ड स्वतःच काढून टपालानं विकायचा. आणि आयुष्यभर एकच प्रश्न : ही धुडं ठेवायची कुठे? कधी बंद पडलेल्या गोदीत, कधी कोंबडीची पिल्लं उबवायच्या जुन्या शेडमध्ये. वाद्य एकच असलं की संगीतही जिथं वाद्य तिथंच. काचेची बरणी फुटली तर तोच स्वर दुकानात मिळत नाही.

म्हणून 'पार्च व्हायचंय' याला माझा सल्ला नाही. पण २०१३ मध्ये जर्मनीत 'डिल्यूजन ऑफ द फ्यूरी' पुन्हा उभं राहिलं, तेव्हा थॉमस माइक्सनर या तालवादकानं सगळी वाद्यं नव्यानं बांधून दिली. मूळ वाद्यं सांभाळायला, दुरुस्त करायला आणि शिकवायलाही माणसं लागतात. म्हणजे पोट भरायचं कसब हातात आहे. जागा थोड्या आहेत, जगभर विखुरलेल्या आहेत, आणि हात पक्का असणाऱ्यालाच मिळतात.

तेव्हा बारावी सोडू नका, फिजिक्स तर मुळीच नाही. कंपनं आणि अनुनाद त्याच्याच कामाचे आहेत. परीक्षा संपली की त्याला मिरजेला पाठवा, तुमच्यापासून अर्ध्या तासावर. तिथल्या एखाद्या तानपुरा करणाऱ्या कारागिराकडे दोन महिने नुसतं बसू दे : भोपळा कापणं, जवारी काढणं (तारेखालची घोडी घासून नाद खुलवणं). तंतुवाद्यांचं आख्खं गाव शेजारी असताना युट्यूबवर का शिकायचं? पुढे डिझाइनकडे जायचं तर अहमदाबादची एनआयडी किंवा आयआयटी मुंबईचं आयडीसी. नाटक आणि संगीत एकाच आवारात हवं तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र. मेकॅनिकल इंजिनिअरिंगला गेला तरी माझी हरकत नाही, वर्कशॉपमध्ये लेथ मिळेल. फक्त ती फी भरून त्याला 'आता ते खूळ सोड' म्हणू नका.

आणि एक कसोटी लावा. गच्चीवरचं वाद्य जूनपर्यंत पुरं करायचं, असं की शेजारचं पोरही अर्ध्या तासात त्यावर एखादी धून वाजवू शकेल आणि पावसाळ्यानंतरही सूर हलणार नाही. अर्धवट वाद्यं करणारे पुष्कळ पाहिलेत मी. पुरं करणारा क्वचित.

वडिलांच्या पेटीची काळजी करू नका, रीड बदलता येते. पण बदलण्याआधी एका संध्याकाळी तानपुरा लावायला सांगा (ॲपवरचा चालेल), सा धरू दे आणि घासलेला गंधार त्याला वाजवून दाखवू दे. बाबांना शेजारी बसवा. बोलले नाहीत तरी चालेल, ऐकू द्या.