स्पोर्ट्स कारची अ‍ॅलॉय व्हील्स लगेच काळी पडतात, घरी कशी स्वच्छ करावीत?

तुम्ही लिहिलंय की पोर्शची सेकंडहँड ७१८ केमन ही स्पोर्ट्स कार घेतली आहे, पुढची चाकं धुतल्यावर आठवडाभरात काळीकुट्ट होतात, चंदेरी रिमवर बारीक नारिंगी ठिपके आलेत आणि वॉशिंग सेंटरवाला म्हणतोय, "अ‍ॅसिड मारू, पाच मिनिटांत नवी दिसतील." सगळ्यात आधी सांगतो, अ‍ॅसिड मारू देऊ नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

हा काळेपणा रस्त्यावरच्या धुळीचा नाही. ब्रेक दाबला की पॅड आणि डिस्क दोन्ही झिजतात. डिस्क बिडाची असते, त्यामुळे उडणाऱ्या भुकटीत लोखंडाचे कण भरपूर असतात, आणि तेही तापलेले. ते रिमच्या लॅकरवर, म्हणजे वरच्या पारदर्शक थरावर, घट्ट बसतात आणि ओल लागली की तिथेच गंजतात. तुमचे नारिंगी ठिपके ते हेच. ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढे येतं, बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात, म्हणून पुढची चाकं आधी काळी होतात. यात गाडीचा काही दोष नाही. मात्र पुढच्या दोनपैकी एकच चाक दुसऱ्यापेक्षा ठळकपणे काळं होत असेल, तर त्या बाजूचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, अडकतोय का ते तपासून घ्या.

आता अ‍ॅसिड का नको ते. रिमच्या लॅकरवर खडीचे बारीक टवके उडालेले असतातच. अ‍ॅसिड तिथून आत शिरतं आणि खालचं अ‍ॅल्युमिनियम खायला लागतं. डायमंड कट रिम (लेथवर कापून चकाकी आणलेली) असेल तर काही महिन्यांत लॅकरखाली पांढऱ्या, वेड्यावाकड्या रेघा सरकताना दिसतात. त्या वरून पॉलिश करून जात नाहीत. सगळं लॅकर काढून रिम पुन्हा लेथवर कापावी लागते, आणि दर वेळी धातू कमी होतो, म्हणून हे काम हवं तितक्यांदा करता येत नाही. शिवाय काही व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या कुळातली रसायनं असतात. ती कातडीतून आत जाऊन इजा करतात, आणि तिथला पोरगा बिचारा उघड्या हातांनी चाक घासत असतो. कॅनवर लेबल नसेल तर ते आपल्या गाडीला लावूच द्यायचं नाही.

तुम्हाला लागेल ते आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा. पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही) लिहिलेलंच घ्या. चाकं गार झाल्यावर, सावलीत, बाकीची गाडी धुण्याच्या आधी सुरुवात करा, नाहीतर धुतलेल्या बॉडीवर काळं पाणी उडेल. एका वेळी एकच चाक. आधी नुसत्या पाण्याने मोकळी घाण काढा. प्रेशर वॉशर असेल तर नोझल टायरच्या बाजूच्या भिंतीजवळ नेऊ नका. मग रिमूव्हर फवारा. अर्ध्या-एक मिनिटात स्पोकच्या मुळाशी जांभळे ओघळ उतरायला लागतात, बोल्टच्या खळग्यांमधून तर अगदी दाट. आतलं रसायन लोखंडाशी जोडलं गेल्याचा तो रंग आहे. वास सडक्या अंड्यासारखा येतो, त्याला इलाज नाही. तीन-चार मिनिटं राहू द्या, पण वाळू देऊ नका, आणि मऊ ब्रशने फिरवून भरपूर पाण्याने धुऊन टाका. गरम चाकावर हे मारलं तर ते क्षणात वाळतं आणि डाग पडतो. जुने ठिपके एका फेरीत गेले नाहीत तर दुसरी फेरी करा, पण जोर लावून घासू नका.

यानंतर शॅम्पूचं पाणी. बादली आणि कापड चाकांसाठी वेगळंच ठेवा, ते चुकूनही बॉडीला लावायचं नाही, कारण त्यात अडकलेले लोखंडाचे कण रंगावर ओरखडे काढतात. लांब, मऊ ब्रश स्पोकमधून आत घालून रिमची आतली बाजूही धुवा. मागची रिम रुंद आहे, तिथे हात पुरत नाही. आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं उचकटणार नाहीत एवढं सांभाळा. आणि आत पाहताना खरंच पाहा: आपल्याकडच्या खड्ड्यांत रिम वाकते किंवा बारीक चिरते, ती बहुधा आतल्या कडेला, बाहेरून कळतही नाही. चाक धुण्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हाच आहे.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असेल तर चाक लगेच पुसा, नाहीतर पांढरे डाग राहतात. पुसून झालं की गाडी तशीच उभी करू नका. थोडी चालवून हलके ब्रेक मारा, म्हणजे डिस्क कोरड्या होतील. ओल्या डिस्कवर रात्रभरात गंज चढतो आणि सकाळी पहिल्या ब्रेकला तोच पुन्हा रिमवर उडतो. कोकणातून किंवा गोव्याहून आल्यावर खाऱ्या हवेचा थर साध्या पाण्याने तरी धुऊन टाका.

रिम एकदा नीट स्वच्छ झाली की तिच्यावर सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंगचा संरक्षक थर लावा. काळेपणा त्याने थांबत नाही, पण चिकटत नाही, पुढच्या वेळी शॅम्पूवर निघतो. मग दर आठवड्याला रिमूव्हरची गरज पडत नाही. मॅट फिनिशच्या रिमवर मात्र वॅक्स किंवा पॉलिश नको, चमकदार चट्टे पडतात. टायरचं ड्रेसिंग (टायर काळा दिसण्यासाठी लावायचं द्रव) पाण्यावर आधारलेलं घ्या आणि फक्त बाजूच्या भिंतीला लावा, रस्त्याला टेकणाऱ्या भागाला कधीच नाही.

गाडी सेकंडहँड आहे म्हणून टायरच्या भिंतीवरचा चार आकड्यांचा कोडही वाचा: २३२१ म्हणजे २०२१ सालातला तेविसावा आठवडा. आणि टायरवाल्याने चाक काढलं तर चाकाचे बोल्ट इम्पॅक्ट गनने आवळू देऊ नका, खळग्याचं लॅकर तिथेच उडतं. या गाडीला १६० न्यूटन-मीटर लागतं, ते टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच, तुमच्यासमोर.