वितंडवाद म्हणजे नुसता आरडाओरडा नव्हे

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतला डुएन गिश नावाचा क्रिएशनिस्ट (सृष्टी बायबलात लिहिल्याप्रमाणे देवानेच घडवली असं मानणारा) उत्क्रांती मानणाऱ्या प्राध्यापकांशी जाहीर डिबेट करायचा, त्याला मराठीत वितंडवाद म्हणावं का, की त्याच्याकडे बर्कलीची बायोकेमिस्ट्रीतली खरीखुरी पीएचडी होती म्हणून वादविवाद म्हणायचं.

वितंडवादच म्हणायचं. आणि बरं झालं विचारलंत, कारण हल्ली टीव्हीवर चार जण एकदम ओरडायला लागले की लोक लगेच 'काय हा वितंडवाद' म्हणतात आणि ते ऐकून माझं डोकं उठतं. त्याला गोंगाट म्हणा, कलकलाट म्हणा, हमरीतुमरी म्हणा, शब्द काय कमी आहेत का? वितंडा हा न्यायशास्त्रातला, म्हणजे कोर्टातल्या नव्हे तर आपल्या जुन्या तर्कशास्त्रातला, नेमक्या व्याख्येचा शब्द आहे. गौतमाच्या न्यायसूत्रात चर्चेचे तीन प्रकार दिलेत. वाद म्हणजे दोघं मिळून खरं काय ते शोधायला बसतात. जल्प म्हणजे जिंकायलाच बसतात, मग त्यात छल (समोरच्याच्या शब्दांचा मुद्दाम भलता अर्थ काढणं) वगैरे सगळं चालतं. आणि तोच जल्प 'प्रतिपक्षस्थापनाहीन' झाला की वितंडा, म्हणजे आपली बाजू मांडायचीच नाही, फक्त समोरच्याची पाडत राहायची. आवाज किती चढला याच्याशी काही संबंध नाही, अगदी हळू आवाजात गोड बोलूनसुद्धा वितंडा होते.

गिश नेमका हेच करायचा. अमुक जीवाश्म कुठाय, तमुक अवयव आपोआप कसा झाला, असे धडाधड मुद्दे फेकायचे, समोरचा एकाचं उत्तर देईपर्यंत त्याची वेळ संपलेली (उत्क्रांतीच्या बाजूने लढणाऱ्या युजिनी स्कॉटनी 1994 मध्ये यालाच 'गिश गॅलप' नाव दिलं), आणि पृथ्वीचं वय किती या प्रश्नावर स्वतः मात्र बोलायचं नाही. उलट केन हॅम हा दुसरा क्रिएशनिस्ट बघा, 4 फेब्रुवारी 2014 ला केंटकीतल्या क्रिएशन म्युझियममध्ये उत्क्रांतीची बाजू घेणाऱ्या बिल नायसमोर तो उघड म्हणाला की पृथ्वी सहा हजार वर्षांचीच आहे. म्हणजे त्याने बाजू मांडली, म्हणून तो जल्प, वितंडा नाही! आणि बाजू मांडली की माणूस सापडतो. आर्चबिशप अशरने 1650 साली बायबलवरून जो हिशोब छापला त्यात सृष्टी इ.स.पू. 4004 ची आणि नोहाचा प्रलय 2348 चा, आता खुफूचा पिरॅमिड साधारण 2560 चा, मग सगळं जग बुडालं तेव्हा इजिप्तमध्ये राजामागून राजा गादीवर येतच कसा राहिला? हे हॅमला विचारता येतं. वैतंडिकाला काय विचारणार, त्याने काही म्हटलेलंच नसतं.

'उत्क्रांती ही तर फक्त थिअरी' हे जे सारखं ऐकू येतं ते मात्र वितंडा नाही, तो वाक्छल, म्हणजे शब्दाच्या दोन अर्थांचा खेळ: शास्त्रातली 'थिअरी' म्हणजे पुराव्यांवर उभा सिद्धांत, ऐकणारा मुद्दाम 'नुसता अंदाज' असा अर्थ घेतो. न्यायसूत्रांवर वात्स्यायनाने जी टीका लिहिली त्या न्यायभाष्यातलं उदाहरण आहे 'नवकंबल' (संस्कृतात 'नव' म्हणजे नवा आणि नऊही), बोलणारा म्हणतो पोराकडे नवी घोंगडी आहे आणि ऐकणारा मुद्दाम 'नऊ' असा अर्थ घेऊन विचारतो, बाकीच्या आठ कुठायत.

पदवीचं म्हणाल तर न्यायशास्त्रात शब्दप्रमाण, म्हणजे कुणाच्या तरी सांगण्यावर विसंबणं, ते 'आप्ता'चं, आणि आप्त म्हणजे ज्याला ती वस्तू स्वतः नीट माहीत आहे तो. वात्स्यायन तर स्पष्ट म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेंच्छ सगळ्यांना सारखंच. बायोकेमिस्ट्रीची पीएचडी जीवाश्मांबद्दल आप्त करत नाही. आणि रसायनातही गिश चुकलाच होता, बॉम्बार्डियर भुंगेऱ्यातली (शत्रूवर गरम फवारा मारणारा किडा) दोन रसायनं एकत्र आली की स्फोट होतो म्हणायचा, प्रत्यक्षात नुसती मिसळून तसं काही होत नाही.

आता खरी मजा. वितंडा कुठून आला? वि + तंड्, धातुपाठात (संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत) 'तडि ताडने', म्हणजे मारणे, हाणणे, जिने परपक्ष हाणला जातो ती वितंडा. आणि हा तंड् मराठीत जिवंत आहे हो! 'दोघं तासभर तंडत बसले होते' म्हणतो ना आपण? संस्कृतात वितंडा पंडितांची आणि मराठीत तंडणं घराघरातलं. माझं तर मत असं की 'तंटा' सुद्धा यातलाच. तंटा, टंटा हे नुसते आवाजावरून आलेत असं म्हणणारे लोक आहेत, मला ते अजिबात पटत नाही, आवाजावरून शब्द काढणं ही व्युत्पत्ती शोधायचा कंटाळा आला की काढायची पळवाट आहे. ड चा ट होणं हा नेहमीचा रस्ता नाही हे मान्य, पण अर्थ बघा, भांडणं-तंडणं आणि भांडण-तंटा ही जोडी शेजारी ठेवून बघा, दोन्हीकडे तो शब्द भांडणाच्याच पाठीला चिकटून येतो, हा योगायोग म्हणायचा का? गावोगावच्या तंटामुक्ती समितीच्या पाटीवर मला तरी वितंडेचाच धातू दिसतो, आणि ज्यांना दिसत नाही त्यांनी 'तंटा'ची याहून बरी व्युत्पत्ती द्यावी, आवाजाची सोडून.