मूल इतर मुलांत मिसळत नाही, ते आईशी नातं कच्चं राहिल्यामुळे का?

तुमची मुलगी अडीच वर्षांची, तुमच्या नोकरीमुळे सहाव्या महिन्यापासून पाळणाघरात. बालवाडीच्या दारात रडते, आत गेल्यावर एकटीच खेळते. ‘लेकराला आई मिळालीच नाही’ असं सासूबाई म्हणतात, त्यात तथ्य आहे का, हा तुमचा प्रश्न. मी बालवाडीत ताई आहे, रोज हेच बघते.

आधी रडण्याचं. सोडताना कोण किती रडतं याकडे मी फारसं बघत नाही, न्यायला आल्यावर काय होतं ते बघते. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये वर्षभराच्या बाळांचं निरीक्षण केलं, त्यातही कळीचा क्षण हाच होता. अनोळखी खोलीतून आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. बरीच बाळं बिलगली, शांत झाली आणि पुन्हा खेळण्यांकडे वळली. हे सुरक्षित नातं. काहींनी आईकडे बघितलंच नाही. अशा मुलांना आपण कौतुकाने ‘शहाणं बाळ’ म्हणतो. पुढे संशोधकांनी त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर तीही आतून अस्वस्थच निघाली!

याचा पुढच्या वागण्याशी संबंध आहेच. मानसशास्त्रज्ञ ॲलन स्रूफ यांच्या अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या अभ्यासात बालवाडीच्या वयाची मुलं जोडीजोडीने खेळायला सोडली होती. सुरक्षित नात्यातली मुलं दादागिरी करत नव्हती आणि दुसऱ्याची सहनही करत नव्हती. मुलं मोजकीच होती, हे मात्र लक्षात ठेवा.

हे मुलांत येतं कुठून? आमच्याकडे एक साडेतीन वर्षांचा मुलगा आहे. नवी मुलगी हुंदके देत होती, तर हा तिच्याशेजारी मांडी घालून बसला, पाठीवर थापट्या मारत म्हणाला, “आलं हं, आलं, रडू नाई.” दुपारी त्याचे आजोबा न्यायला आले, हा पायरीवर अडखळून पडला, आणि आजोबांचे तेच शब्द, त्याच थापट्या. त्याला कुणी ‘शेअरिंग-केअरिंग’ शिकवलेलं नाही.

आता नोकरीचं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत शॅफर आणि इमर्सन या संशोधकांनी 60 बाळांचा अभ्यास केला, तो 1964 मध्ये छापला. दीड वर्षापर्यंत बहुतेक बाळांची एकाहून जास्त माणसांशी घट्ट जवळीक झाली होती. ती किती तास सोबत असतं त्यापेक्षा कोण प्रतिसाद देतं यावर अवलंबून होती. म्हणजे आजी, बाबा, पाळणाघरातल्या मावशी, सगळे धरायचे. सासूबाईंनाही हे वाचून दाखवा, त्यांचाही वाटा आहे यात. आणि बाळाला काय हवंय ते दरवेळी अचूक ओळखायची गरज नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या निरीक्षणात आई-बाळाचा सूर बराच वेळ जुळलेलाच नसतो. तो पुन्हा जुळवून घेतला जातो की नाही, याला महत्त्व.

एकटं खेळण्याचं म्हणाल, तर अडीच वर्षांचं मूल दुसऱ्याच्या शेजारी बसून आपलंच खेळतं, हे मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या मिल्ड्रेड पार्टन यांनी 1932 मध्येच नोंदवलंय. शिवाय काही मुलं स्वभावानेच बुजरी असतात, त्याला आईचा इलाज नाही.

सोडताना नजर चुकवून मात्र पळू नका. “डबा खाऊन झाला की येते” असं सांगा आणि तेव्हाच या. पण हाक मारल्यावर ती वळत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, घरच्यांशीही नजर मिळवत नसेल, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तिथे प्रश्न तुमच्या नोकरीचा नसतो.