माशाला गर्भ असतो का?

एका ताईंनी विचारलंय: ‘गोड्या पाण्यातील शेवाळाच्या विषाचा माशांच्या गर्भावर होणारा परिणाम’ हे शीर्षक बरोबर आहे का? त्या एका विज्ञानपुस्तिकेचं भाषांतर करताहेत. तपासणाऱ्यांनी दोन लाल खुणा केल्या आहेत. ‘शेवाळ’ काढून ‘शैवाल’ लिहा आणि ‘गर्भ’ काढून ‘भ्रूण’ लिहा, म्हणजे शास्त्रीय वाटेल, असा शेरा आहे. पहिली खूण मला पटत नाही. दुसरी पटते, पण ‘शास्त्रीय वाटेल’ म्हणून नाही.

गर्भ म्हटलं की पोट आलंच. या एका शब्दाचं मराठीत केवढं गोत आहे बघा: गाय गाभण राहते, केळीचा गाभा काढतात, देव गाभाऱ्यात असतो. सगळीकडे अर्थ ‘आतलं’, ‘वेढलेलं’ हाच. गाभोळीही याच घरातली. मासा साफ करताना पोटातून पिवळसर, लांबट अशा दोन थैल्या निघतात आणि आमच्याकडे त्या आमटीपर्यंत पोचतच नाहीत. हळद, तिखट, मीठ लावून आधीच तव्यावर जातात. चावताना दाताखाली येणारा रवाळ कण म्हणजे एकेक अंडं. पण त्या अंड्यात अजून जीव धरलेला नसतो, फलनच झालेलं नसतं. बहुतेक माशांत मादी अंडी पाण्यात सोडते, नर त्यांवर शुक्र सोडतो आणि जीव धरतो तो आईच्या पोटाबाहेर, उघड्या पाण्यात. म्हणजे माशाच्या पोटात गाभोळी असते, गर्भ नसतो. डासांच्या बंदोबस्तासाठी हौदात सोडतात ते गप्पी मासे अपवाद. ते थेट पिल्लंच घालतात, त्यांच्यापुरतं ‘गर्भ’ खुशाल लिहा.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. ‘गर्भावर परिणाम’ वाचलं की वाचकाच्या मनात आपोआप चित्र उभं राहतं: मादीने शेवाळ खाल्लं, विष रक्तात गेलं, तिथून बाळाला लागलं. आईकडून अंड्यात विष उतरू शकतं, तो विषय वेगळा. ताईंच्या पुस्तिकेतल्या प्रयोगांत फलित अंडंच विषाच्या पाण्यात ठेवलं आहे. तिथे नाळ नाही, वार नाही. पाणी आणि तो जीव यांच्यामध्ये आहे एक पातळ आवरण, आणि पुस्तिकेतली सगळी गोष्ट या आवरणाभोवतीच फिरते.

हे प्रयोग बहुतेक झेब्रा माशावर होतात. त्याचं अंडं जेमतेम एक-सव्वा मिलिमीटरचं आणि काचेसारखं आरपार. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की बलकाच्या गोळ्याला बिलगलेला जीव दिसतो. एका दिवसात हृदयाची धडधड सुरू झालेली असते, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू आवरण फोडून बाहेर येतं. रसायनांच्या चाचणीसाठी याच अंड्यांवरची एक आंतरराष्ट्रीय पद्धत 2013 साली ठरली. 96 तास पाहायचं आणि चार खुणा शोधायच्या: अंडं गोठून गढूळ झालं का, पाठीच्या बाजूचे खंड पडले नाहीत का, शेपूट बलकापासून सुटलं नाही का, हृदय चालत नाही का. चारांतलं एक दिसलं तरी तो जीव गेला असं धरतात. मेला नाही तरी हृदयाभोवती पाणी साठणं, कणा वाकणं, बाहेर यायला उशीर होणं अशा खोडी वेगळ्या नोंदवतात.

आता गंमत अशी की मायक्रोसिस्टिन हे या शेवाळाचं सगळ्यांत गाजलेलं विष नुसतं पाण्यात घातलं तर अंड्याला फारसं बाधत नाही. सुईने अंड्यात टोचलं तर बाधतं. रेणू मोठा आणि पाण्यात रमणारा, त्यामुळे पेशीच्या पडद्यातून आपण होऊन आत शिरत नाही. सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन या अशाच दुसऱ्या विषाचंही तसंच दिसलंय. उलट शेवाळ कुटून काढलेला कच्चा अर्क पाण्यात घातला तर तो पुष्कळदा शुद्ध विषापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण त्यात इतरही द्रव्यं असतात, काही तर चरबीत विरघळणारी. म्हणून ताई, शीर्षकातलं ‘विषाचा’ हे एकवचन मला खुपतं. पण ‘विषांचा’ही कानाला बरं लागत नाही, मराठीत विष पाण्यासारखं मोजता न येणारं आहे. ‘विषद्रव्यांचा’ केलंत की अडचण सुटते. कोणी ‘जीवविष’ सुचवेल. सजीवाने तयार केलेलं विष हा अर्थ त्यात नेमका येतो, मजकुरात एकदा जरूर वापरा. ‘विखार’ हा जुना देखणा शब्द मात्र हातचा गेला, आता विखारी असते ती फक्त टीका.

शेवाळ आणि शैवाल. दोन्ही एकाच घरचे. संस्कृतात शैवल, शैवाल, शेवाल अशी रूपं आहेत, त्यांतलं एक विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरत मराठीत आलं, दुसरं पाठ्यपुस्तकात बसलं. पावसाळ्यात भिंतीवर चढतं त्या मॉसलाही आपण शेवाळच म्हणतो, तिथे वनस्पतिशास्त्राचे शिक्षक हळहळतात आणि ते बरोबरच आहे. पण इथे ‘शैवाल’ लिहून अचूकपणा काही वाढत नाही, कारण मायक्रोसिस्टिन बनवणारं मायक्रोसिस्टिस हे खरं शैवालही नाही. ते सायनोबॅक्टेरिया आहेत, पेशीत केंद्रक नसलेले जिवाणू. मग निदान शेतकऱ्याच्या ओळखीचं नाव का नको? भाताच्या खाचरात नत्रासाठी सोडतात त्याला खताच्या माहितीपत्रकांत ‘निळे-हिरवे शेवाळ’च म्हणतात. एकाच कुळातले काही खत देतात, काही विष. ‘निळं-हिरवं’ ही जोड शीर्षकात हवीच, नाहीतर वाचक जलपर्णीपर्यंत सगळ्या हिरव्यावर संशय घेत बसेल.

शेवाळ माजतं त्याला ताईंनी एके ठिकाणी ‘शेवाळाचा बहर’ म्हटलंय. नको. मृग बहर, हस्त बहर, आंबे बहर धरणाऱ्या बागायतदाराला बहर म्हणजे पैसा. ‘अतिवाढ’ कोरडा आहे पण चालेल, आणि दृश्य दाखवायचं असेल तर ‘पाण्यावर हिरवी साय धरली’ लिहा. 1878 मध्ये जॉर्ज फ्रान्सिस यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराचं पाणी पिऊन जनावरं दगावल्याचं ‘नेचर’ला कळवलं, तेव्हा त्यांनाही पाण्यावरचा दाट थर हिरव्या तैलरंगासारखा वाटला होता.

‘गोड्या पाण्यातील’ लिहिलंत, त्याबद्दल मात्र धन्यवाद. हल्ली ‘ताज्या पाण्यातील मासे’ वाचावं लागतं, जणू खारं पाणी शिळंच असतं.

राहिला ‘भ्रूण’. शब्द बरोबर आहे, ‘भ्रू’ दीर्घ. तुमच्या कच्च्या खर्ड्यात ‘भृण’ही आहे आणि ‘भ्रुण’ही. पेपरांतून तो आपल्याला भेटतो तो मुख्यतः स्त्रीभ्रूणहत्येच्या बातमीत, त्यामुळे माशाजवळ आला की क्षणभर अडखळायला होतं. पहिल्यांदा येईल तिथे ‘भ्रूण, म्हणजे अंड्यात वाढणारा जीव’ असं सांगून टाका. अंडं फुटल्यावर मात्र भ्रूण संपला. तिथून पुढे आपल्या मत्स्यव्यवसायाकडे फार छान शब्द आहेत: नुकतं बाहेर आलेलं, सहा-आठ मिलिमीटरचं ते मत्स्यजिरे (हिंदीतही जीराच), मग बोटाएवढी झाली की बोटुकली. ओंजळीत पाण्यासकट घेतलेलं जिरे पाहिलं की नाव कुणी ठेवलं असेल ते विचारावं लागत नाही.

तेव्हा शीर्षक असं करा: ‘गोड्या पाण्यातील निळ्या-हिरव्या शेवाळाची विषद्रव्ये आणि माशांचे भ्रूण’. आणि आत ‘अंडी उबवल्यानंतर’ असं आहे तिथे ‘अंडी फुटल्यानंतर’ करा. अंडी उबवते ती कोंबडी.