कॅसेटवर खर्च करा, मशीनसाठी ठेव मोडू नका

नागपूरच्या प्रतापनगरातून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय ६८. यजमानांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांना चित्रीकरणाची फार हौस होती. त्यांनी काढलेल्या ३१ कॅसेट घरात आहेत, त्यात १९ मोठ्या व्हीएचएस आणि १२ छोट्या मिनीडीव्ही. सीताबर्डीतल्या एका स्टुडिओने सगळ्यांच्या डीव्हीडी करून द्यायचे कॅसेटमागे १,५०० रुपये सांगितले, म्हणजे एकूण ४६,५००. त्यात ९०० रुपये कॅसेट उतरवायचे आणि ६०० रुपये तीन सेटचे. एक सेट स्वतःसाठी, एक पुण्याच्या मुलीसाठी, एक अमेरिकेतल्या मुलासाठी. पुतण्याचं म्हणणं वेगळं आहे. स्टुडिओला पैसे देण्यापेक्षा दीड लाखात दोन जुने व्हीसीआर, संगणक आणि डीव्हीडी रायटर घेऊ, काकांच्या कॅसेट घरीच करू आणि मग लोकांच्याही करून देऊ. त्यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले ३ लाख मोडायचे का, की हा सगळा खर्चच सोडून द्यायचा, असा त्यांचा प्रश्न आहे. निवृत्तिवेतन ३४,०००, घरखर्च २८,०००, बचत खात्यात १,१०,०००. योजनेतली ठेव चौदा महिन्यांपूर्वीची, व्याजदर ८.२ टक्के.

ताई, तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो. ‘म्हातारपणी असल्या हौसेवर पैसे घालणं बरं दिसतं का,’ असं तुम्ही विचारलंत. त्याच पत्रात वर लिहिलंत की तान्ह्या पोळ्याच्या कॅसेटमध्ये लेक लाकडी नंदी ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघते आणि मागून ‘हळू, चाक निघेल’ असा यजमानांचा आवाज येतो. कॅमेरा त्यांच्याच हातात असायचा, त्यामुळे ते स्वतः कुठे दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. याला मी हौस म्हणणार नाही. घराचं रंगकाम एक वर्ष पुढे ढकललं तर भिंत तिथेच असते. फितीवरचं चित्र मात्र दरवर्षी थोडं थोडं जातं आणि गेलेलं कोणत्याही पैशाने परत येत नाही. खर्च करा. प्रश्न फक्त कशावर, किती आणि कुठल्या पैशातून, एवढाच आहे.

आधी पुतण्याचा बेत. त्याचा हेतू चांगला आहे, पण हिशेब जमत नाही. तुमची ठेव एक वर्षाच्या पुढे आणि दोन वर्षांच्या आत आहे, त्यामुळे आता मोडली तर मुद्दलातून दीड टक्का कापतात. ३ लाखांवर ४,५०० रुपये झाले. दीडच लाख हवेत म्हणून तेवढेच काढता येत नाहीत, खातं बंद करावं लागतं. वर दीड लाखाचं वर्षाचं १२,३०० रुपये व्याज कायमचं गेलं.

आता धंदा बघा. कॅसेट उतरवायला घाई करता येत नाही. तीन तासांची कॅसेट तीन तासच चालते. साफसफाई, मधे अडकणं, नंतर तपासणं धरलं तर एका व्हीसीआरवर दिवसाला दोन कॅसेट झाल्या तरी खूप. नवख्या माणसाला स्टुडिओचा दर कोण देणार? कॅसेटमागे ५०० रुपये हातात उरले असं धरलं तरी दीड लाख वसूल व्हायला ३०० कॅसेट लागतील, तेही वीज आणि मेहनत न मोजता. शिवाय या धंद्यात गिऱ्हाईक एकदाच येतं. त्याच्या घरातल्या कॅसेट संपल्या की ते परत फिरकत नाही. नव्या कॅसेट आता कोणी भरत नाही. यंत्राचंही तसंच आहे. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ साली उत्पादन थांबवलं. आज मिळतो तो प्रत्येक व्हीसीआर वापरलेला, त्याचं फीत वाचणारं हेड किती झिजलंय ते विकणाराही सांगू शकत नाही. पुतण्याला खरंच हा धंदा करायचा असेल तर त्याने स्वतःच्या नावावर मुद्रा योजनेत छोटं कर्ज काढावं. शिशु गटात ५०,०००पर्यंत मिळतं. बँकेसमोर हिशेब मांडताना त्याला स्वतःलाच उत्तर मिळेल. तुमच्या म्हातारपणाच्या ठेवीवर हा प्रयोग नको. हे त्याला तुम्हाला सांगायला जड जात असेल तर माझं नाव पुढे करा.

स्टुडिओच्या भावात दोन गोष्टी बघायच्या राहिल्या आहेत. ४६,५०० मध्ये जीएसटी धरला आहे का? अशा सेवेवर १८ टक्के लागतो. वरून लावला तर ८,३७० रुपये वाढून आकडा ५४,८७० होतो. फोनवर सांगितलेला भाव आणि बिलावरचा भाव यातली ही तफावत पहिल्याच दिवशी कागदावर घ्या.

दुसरी गोष्ट मोठी आहे. तुम्ही डीव्हीडीसाठी पैसे मोजताय, पण खरी किंमत डीव्हीडीची नाही, फितीवरून चित्र नीट उतरवून घेण्याची आहे. डिस्क पुन्हा कधीही करता येते. फीत उतरवण्याची संधी बहुधा एकदाच. म्हणून स्टुडिओला सांगा, उतरवलेली मूळ फाईल मला हार्ड डिस्कवर द्या, डीव्हीडी तिच्यावरून करा. काही ठिकाणी कॅसेट एका बाजूने घालून थेट डिस्क बाहेर काढतात. काम झटपट होतं, पण हातात फक्त डिस्क येते. लिहिता येणाऱ्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, ऊन आणि उष्णता त्याला बाधते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं लोखंडी कपाट काय तापतं ते तुम्हाला ठाऊक आहे. एकमेव प्रत अशा डिस्कवर ठेवू नका.

मिनीडीव्हीच्या १२ कॅसेटबद्दल एक नेमका प्रश्न विचारा: ‘फायरवायरने घेता की लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने?’ मिनीडीव्हीवर चित्र आकड्यांच्याच रूपात असतं. फायरवायर म्हणजे कॅमेरा थेट संगणकाला जोडणारी डिजिटल वायर; तिने घेतलं तर ते जसंच्या तसं संगणकात येतं, तासाला साधारण १३ जीबी. तीन रंगांच्या वायरीने घेतलं तर विनाकारण दर्जा उतरतो. उत्तर देताना समोरचा चाचरला तर त्या १२ कॅसेट त्याला देऊ नका, दुसरीकडे विचारा. यजमानांचा कॅमेरा चालू असेल तर तोही नेऊन दाखवा, ज्या कॅमेऱ्याने भरलं त्यातच ती कॅसेट सगळ्यात बरी चालते.

आता तुमची डीव्हीडीची इच्छा. मुलगा म्हणतो पेनड्राइव्ह करा, तुम्ही म्हणता डिस्क टाकली की लागली पाहिजे, दुसरं काही जमत नाही. तुमचं बरोबर आहे. बघायचंय तुम्हाला, तेव्हा तुमच्या सोयीनेच झालं पाहिजे. पण ‘डीव्हीडी’ म्हणून दोन वेगळ्या वस्तू हातात येऊ शकतात. नुसत्या व्हिडिओ फाईल कोऱ्या डिस्कवर चढवल्या तर ती संगणकात उघडते, टीव्हीखालच्या साध्या प्लेअरला ती बऱ्याचदा कळत नाही. प्लेअरवर चालायला चित्र एमपीईजी-२ या डीव्हीडीच्या प्रकारात बदलून, ठरलेल्या रचनेत बांधून, शेवटी डिस्क ‘फायनलाइज’ करावी, म्हणजे लिहिणं पूर्ण करून बंद करावी लागते. बिलावर ‘डीव्हीडी-व्हिडिओ, साध्या प्लेअरवर चालणारी’ असं लिहून घ्या. ४.७ जीबीच्या एका डिस्कवर दोन तासांपर्यंत चित्र चांगलं बसतं. तीन-चार तास कोंबले की वरातीत नाचणाऱ्यांचे चेहरे चौकटी-चौकटींचे दिसायला लागतात. तीन तासांची लग्नाची कॅसेट दोन डिस्कवर घ्या, त्याचे दोनशे वाढले तरी चालतील.

तीन सेट मात्र नकोत. आपल्याकडची व्हिडिओ पद्धत पाल, अमेरिकेतली एनटीएससी. इथे केलेली डिस्क तिथल्या पुष्कळ प्लेअरवर लागतच नाही, आणि मुलाच्या घरी प्लेअर आहे का हेही तुम्ही लिहिलेलं नाही. त्याला फाईलच पाठवा. मुलीलाही विचारून घ्या, पुण्यात बहुधा तेच उत्तर येईल. डीव्हीडीचा सेट एकच, तुमचा.

यापेक्षा जास्त पैसे निवडीत वाचतील. मोठ्या कॅसेटपैकी पाचेकांवर टीव्हीवरचे कार्यक्रम भरले आहेत असं तुम्हाला वाटतं. त्या बाजूला ठेवा. मग उरल्या २६. उतरवायचे ९०० आणि एका डिस्कचे २०० धरून २८,६०० रुपये. जीएसटीचे ५,१४८ मिळवून ३३,७४८. दोन हार्ड डिस्कचे १०,००० धरा, एक तुमच्याकडे, एक मुलीकडे, कारण एकाच घरात दोन प्रती ठेवण्यात अर्थ नाही. जागेची काळजी नको, हे सगळं एक टीबीच्या डिस्कमध्ये आरामात मावतं. एकूण ४३,७४८. स्टुडिओच्या मूळ बेतापेक्षा अकरा हजारांनी कमी, आणि मूळ फाईल तुमच्या ताब्यात.

हे पैसे कुठून? तुमचे महिन्याला ६,००० उरतात. सहा महिन्यांचे ३६,०००. त्याच काळात योजनेचं व्याज दोनदा येईल, तिमाहीला ६,१५० प्रमाणे १२,३००. झाले ४८,३००. ठेव मोडायची नाही, बचत खात्यातल्या १,१०,००० ला हात लावायचा नाही, ते दवाखान्यासाठी आहेत. काम खेपेखेपेने द्या. आधी सहा-सात कॅसेट, पैसे डिस्क तपासून, मग पुढची खेप. सगळी रक्कम आगाऊ मागणाऱ्याला नको म्हणा.

पहिल्या खेपेत कोणत्या द्यायच्या ते घरीच ठरवता येईल. व्हीएचएसच्या खिडकीतून फितीचं भेंडोळं दिसतं. उजेडात तिरपं धरून बघा. काठावर पांढरट ठिपके किंवा भुरकट कडी दिसली तर ती बुरशी. तुमच्या कॅसेट सज्जावर आहेत, म्हणजे उन्हाळ्यात स्लॅबची धग आणि पावसाळ्यात ओल. ज्या खोलीत डेझर्ट कूलर चालतो तिथे तर उन्हाळ्यातही हवा दमट असते, नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यातही कॅसेटला बुरशी येण्याचं हे एक कारण. बुरशीवाल्या आणि सगळ्यात जुन्या कॅसेट आधी द्या, पण सफाईचा वेगळा भाव विचारून. आणि एक कळकळीची विनंती, ‘चालते का बघू’ म्हणून जुन्या व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशीने चिकटलेली फीत तिथेच फाटते. नेण्याआधी प्रत्येक मोठ्या कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची पट्टी मोडलेली आहे का बघा, नसेल तर मोडा. मग चुकूनही तिच्यावर दुसरं काही भरलं जात नाही. प्रत्येकीवर नंबर टाका, नंबरांसकट पोच घ्या.

मुलांकडे पैसे मागायला संकोच वाटतो, असं तुम्ही लिहिलंत. दोन्ही हार्ड डिस्क मुलाने घ्याव्यात, एवढं तरी त्याला सुचवा. या कॅसेटमध्ये त्याची मुंज आहे. तो आनंदाने देईल असं मला वाटतं, आणि तसं झालं तर तुमचा खर्च ३३,७४८ वर येतो, म्हणजे एका व्याजाच्या हप्त्यात आणि पाच महिन्यांच्या शिलकीत बसतो.

डिस्क घरी आली की स्टुडिओतल्या संगणकावर नाही, तुमच्या प्लेअरवर लावा. सुरुवातीची पाच मिनिटं बघून ठीक म्हणू नका. मध्य आणि शेवट बघा, आवाज ओठांच्या मागे-पुढे जातोय का ऐका. खटकलं तर त्याच आठवड्यात परत न्या. हार्ड डिस्क मुलीकडे पोहोचून तिने फाईल उघडून पाहीपर्यंत मूळ कॅसेट रद्दीवाल्याला देऊ नका. सज्जावरही परत चढवू नका. आतल्या खोलीत, कूलरपासून दूर, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. टीव्हीच्या म्हणून बाजूला काढलेल्या पाच कॅसेटही तिथेच राहू द्या. कार्यक्रम संपल्यावर उरलेल्या फितीवर घरचं चित्रीकरण करायची त्या काळी अनेकांना सवय होती. शेवटच्या खेपेला त्या पाचांची फक्त अखेरची दहा मिनिटं बघून द्यायला स्टुडिओला सांगा. एवढ्या कामाचे सहसा वेगळे पैसे लागायला नकोत.