अमेरिकेतील छोट्या गावांच्या बँकांच्या जुन्या नोटा जमवायच्या असतील, तर सुरुवात कोठून करावी? जितकी जुनी नोट तितकी दुर्मीळ, असे समजावे काय?

तसे समजू नये. मी आयोवा राज्यात राहतो आणि गेली काही वर्षे केवळ एका काउंटीतील (म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागातील) बँकांच्या नोटा जमवतो आहे. माझा अनुभव असा की, या छंदात वयापेक्षा बँक महत्त्वाची असते.

१८६३ आणि १८६४ च्या कायद्यांनुसार, केंद्र सरकारची सनद मिळालेल्या बँकेने सरकारी रोखे तारण ठेवायचे आणि त्यांच्या बदल्यात स्वतःचे व गावाचे नाव छापलेल्या नोटा चलनात आणायच्या, अशी व्यवस्था सुरू झाली, ती १९३५ पर्यंत चालली. प्रत्येक बँकेला सनदेचा क्रमांक असे आणि हे क्रमांक चौदा हजारांच्या पुढे गेले. १९०० च्या कायद्याने तीन हजारांपर्यंत वस्तीच्या गावात अवघ्या २५,००० डॉलर भांडवलावर बँक काढण्याची मुभा दिली, त्यामुळे आडगावांतूनही बँका निघाल्या. अशा बँकेने भांडवलाच्या फक्त चौथ्या हिश्श्याचे, म्हणजे ६,२५० डॉलरचे, रोखे ठेवले तरी चालत असे, आणि मग नोटाही तेवढ्याच रकमेच्या निघत. दहाच्या तीन आणि वीसची एक अशा चार नोटांचा ताव धरला, तर एका वेळी सव्वाशे ताव, म्हणजे साऱ्या गावाच्या नावाच्या जेमतेम पाचशे नोटा. त्याही मळल्या की परत जाऊन नष्ट होत. म्हणून न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकेची १९०२ मालिकेची (म्हणजे ते वर्ष छापलेल्या नमुन्याची) नोट सहज मिळते, आणि तिच्याहून पुढच्या, १९२९ मालिकेची एखाद्या खेड्याची नोट वर्षानुवर्षे दिसत नाही.

येथे एक गंमत आहे. अमेरिकेतील यादवी युद्धापूर्वीच्या (१८६१ पूर्वीच्या), म्हणजे ही सनदी व्यवस्था येण्याआधीच्या, बुडालेल्या बँकांच्या नोटा आज विपुल सापडतात, कारण त्या कवडीमोल झाल्या आणि लोकांच्या पेटाऱ्यांत पडून राहिल्या. याउलट सनदी बँक बुडाली तरी रोख्यांच्या तारणामुळे नोटेचे पूर्ण पैसे मिळत असल्याने ती जपून ठेवण्याचे कोणाला कारणच नव्हते.

सुरुवात १९२९ च्या लहान आकाराच्या नोटांनी करावी. त्या तुलनेने स्वस्त असतात आणि त्यांवर सह्या छापलेल्या असल्याने सह्यांची शाई विटण्याची काळजी नसते. एक काउंटी निवडून तिच्यातील सनदी बँकांची यादी करावी आणि प्रत्येकीपुढे दोन आकडे लिहावेत: बँकेने एकूण किती नोटा काढल्या, आणि जुन्या लिलावांच्या नोंदींत त्यांपैकी किती वेगवेगळ्या प्रती दिसल्या. पहिला आकडा सरकारी दप्तरावरून कळतो, परंतु भाव ठरतो तो दुसऱ्यावर. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण ते न करता केलेली खरेदी ही विक्रेत्याच्या शब्दावर केलेली खरेदी होय.

१९२९ मालिकेपूर्वीच्या मोठ्या आकाराच्या नोटांवर बँकेचा अध्यक्ष आणि कॅशियर (तेव्हा बँकेचा कारभार पाहणारा अधिकारी) यांनी बहुधा हाताने सह्या केलेल्या असत. बाप अध्यक्ष, मुलगा कॅशियर अशी जोडी तेथे पुष्कळदा भेटते, आणि मला स्वतःला या नोटांची खरी गोडी त्यामुळेच लागली. मात्र ती शाई कालांतराने विटते. मी एकदा ठसठशीत सह्या असलेली नोट मोठ्या हौसेने घेतली आणि घरी भिंगाखाली पाहिली, तेव्हा जुन्या फिकट रेघांवर नव्या शाईने गिरवल्याचे स्पष्ट दिसले. दिलेल्या किमतीच्या निम्म्यानेही ती पुढे खपली नाही. तेव्हापासून धुतलेल्या, इस्त्री केलेल्या किंवा गिरवलेल्या नोटेपेक्षा घडी पडलेली, कळकट, पण अस्पर्श नोट मी पसंत करतो.

‘ज्ञात असलेली एकमेव प्रत’ या शब्दांसाठी जादा रक्कम मोजताना हात आखडता घ्यावा. अशा बँकेची दुसरी नोट एखाद्या जुन्या घराच्या आवराआवरीत निघू शकते आणि ती निघाली, की पहिलीचा भाव त्याच दिवशी उतरतो.